साठीशांतीची दहा गाणी

दादा साठ वर्षांचा होणार म्हणून वहिनीने मुलुंडचा हॉल घेतला, गुरुजींकडून मुहूर्त काढून घेतला, जेवणात मसालेभात की पुलाव यावर दोन दिवस घातले, आणि सगळं ठरल्यावर दादाने जाहीर केलं की जेवणानंतर कार्यक्रम होणार. आमच्याकडे साठीशांतीनंतरचा कार्यक्रम म्हणजे एखादी मामी भावगीत म्हणते आणि एखादे काका आठवणी सांगायला उठतात, ते माइक सोडत नाहीत. दादाचा कार्यक्रम होता अमेरिकेतल्या एका हेवी मेटल बँडची दहा सर्वोत्तम गाणी. गिटार तो स्वतः वाजवणार. ड्रमवर घाटकोपरचा त्याचा डेंटिस्ट, ज्याची आणि दादाची मैत्री एक दाढ काढण्यावरून झाली. आणि गाणार मी. वय पंचावन्न, विमा कंपनीत नोकरी, कांदिवलीत घर, उजव्या गुडघ्याला पट्टा.

बँडचं नाव मी इथे लिहीत नाही. नाव घेतलं की कोणीतरी म्हणतं, त्यांच्यापेक्षा अमके बरे होते, मग मी भांडते आणि माझा दिवस फुकट जातो. एवढंच सांगते की मेटल वाजवणारे पुरुष ज्या काळात केसांवर डबाभर स्प्रे मारायचे, लिपस्टिक लावायचे, डोळ्यांत काजळ घालायचे आणि बिबळ्याच्या कातड्यासारख्या विजारी घालायचे, त्या काळातला हा बँड. कॅसेटचं कव्हर पहिल्यांदा घरात आलं तेव्हा आईने विचारलं होतं, यातली गाणारी कोण. मी बोट ठेवून दाखवलं. आई म्हणाली, हिच्या केसांना कोणीतरी तेल लावा गं.

तेव्हा आम्ही पार्ल्याला राहायचो. दोन खोल्या आणि गॅलरी. टेपरेकॉर्डर एकच, बाबांचा. बाबा रेल्वेच्या ऑफिसात होते, संध्याकाळी आले की चहा घेऊन पेटीवर बसायचे आणि नाट्यसंगीताच्या कॅसेटबरोबर वाजवायचे. कोणाकडे शिकलेले नव्हते. ऐकून ऐकून बोटं बसवलेली, तीही एकाच पट्टीत. त्यांचं झालं की टेप आमचा. बाबा आमच्या गाण्यांबद्दल काही बोलायचे नाहीत. मुळात ते माझ्याबद्दलही काही बोलायचे नाहीत. शाळेत गाण्याच्या स्पर्धेत मी पहिली आले, तर बक्षिसाची वाटी हातात उलटीसुलटी करून पितळेची आहे एवढंच म्हणाले.

दादाचा एक मित्र जहाजावर होता. त्याने आणलेल्या कॅसेटी तो दादाला कोऱ्या कॅसेटवर उतरवून द्यायचा आणि कव्हरं स्वतःकडे ठेवायचा. त्यामुळे कुठल्या गाण्याचं खरं नाव काय हे आम्हाला कित्येक वर्षं माहीत नव्हतं. आम्हीच नावं पाडली. एक भांडणाचं, एक रविवारचं, एक रडकं, एक जिन्यातलं. आणि एक उंच. ही नावं इतकी पक्की झाली की आजही खरी नावं कोणी घेतली तर मला क्षणभर कळत नाही कशाबद्दल बोलतायत ते.

लोक या बँडला हसतात, हे मला ठाऊक आहे. केसांना हसतात, विजारींना हसतात. हसोत बापडे. मी त्यांची गाणी आतून ओळखते. भांडणाचं घ्या. नुसती गिटार सुरू होते, शेजारीण दार बडवत आल्यासारखी, आणि ड्रम येत नाही. तुम्ही वाट बघता. तरी येत नाही. एक आवर्तन आणखी काढतात आणि मग तो असा येतो की बसलेला माणूस ताठ होतो. समेवर येणं म्हणजे काय ते शाळेतल्या गाण्याच्या बाईंनी मला दोन वर्षं शिकवलं. मला ते कळलं या गाण्यात.

रडकं तर विचारूच नका. त्या काळातल्या प्रत्येक बँडचं एक संथ गाणं असायचं, मेणबत्त्या लावून ऐकायचं. बाकीच्यांची मलाही सहन होत नाहीत. यांचं वेगळं. पहिली दोन कडवी तो माणूस जवळजवळ बोलतो, मागे एकच गिटार, आणि ध्रुवपदाला चौघं मिळून एकदम तोंड उघडतात. बिचाऱ्याला इतका वेळ कोणी साथ दिली नव्हती आणि आता सगळे आले, असं वाटतं. कॉलेजात असताना माझं एक प्रकरण मोडलं. त्याचं नाव आता आठवायला वेळ लागतो, पण त्या आठवड्यात हे गाणं किती वेळा लावलं ते आईला अजून पाठ आहे.

आणि त्यांचा गिटारवाला. दादाने आयुष्यभर देव मानला असा माणूस. वेगात वाजवणारे त्या काळात पैशाला पासरी होते, बोटं दिसायची नाहीत इतक्या वेगात वाजवायचे आणि संपल्यावर काही आठवायचं नाही. याचा सोलो गुणगुणता यायचा. मध्येच थांबायचा, श्वास घ्यायचा आणि मग पुढचं बोलायचा. दादा भाजी निवडताना तो सोलो तोंडाने म्हणतो, आजसुद्धा.

तर दहा गाणी. ती निवडायला आम्हाला सात आठवडे लागले. भांडणं झाली. दादा जिन्यातलं घ्यायचं नाही म्हणाला, तर मी दोन दिवस फोन उचलला नाही. शेवटी जिन्यातलं आत आलं आणि त्याचं एक लाडकं, फक्त गिटारचं, बाहेर गेलं. पण पहिल्या दिवसापासून एका गोष्टीवर वाद नव्हता. दहावं, शेवटचं, उंच.

उंच हे त्यांचं सगळ्यात मोठं गाणं आहे आणि हे मी कोणाशीही भांडून सिद्ध करायला तयार आहे. ते खालून सुरू होतं, साध्या बोलण्याच्या आवाजात. प्रत्येक कडवं मागच्यापेक्षा एक पायरी वर. आणि शेवटी वाद्यं एकदम बंद पडतात, चार ठोके संपूर्ण शांत, आणि त्या शांततेत तो एकटा सगळ्यात वरचा सूर धरून उभा असतो. खाली काही नाही. ना ड्रम, ना गिटार. मग सगळे एकदम कोसळतात आणि गाणं संपतं. ते चार ठोके ज्याने ऐकले नाहीत त्याने त्या लोकांच्या केसांबद्दल बोलू नये.

सतराव्या वर्षी मी तो सूर लावला होता. गॅलरीत कपडे वाळत घालत होते, आत टेप चालू होता, आणि सहज तोंड उघडलं तर आवाज गेला वर. चारही ठोके. समोरच्या इमारतीतली बाई खिडकीत आली. दादा धावत बाहेर आला, माझ्याकडे बघितलं, आत जाऊन टेप मागे घेतला आणि म्हणाला, परत. त्या दुपारी मी तो अकरा वेळा लावला आणि एकदाही चुकला नाही. नंतर लग्न, नोकरी, मुलगा, कांदिवली. गाणं राहिलं ऑफिसच्या अंताक्षरीपुरतं. पण तो सूर माझ्याकडे आहे, हे मला माहीत होतं. कपाटातल्या शालूसारखा. नेसायची गरज नव्हती, आहे एवढं पुरे होतं. दुसऱ्या कोणापेक्षा चांगलं असं मी आयुष्यात एवढं एकच केलं होतं.

आमच्या तालमी रविवारी घाटकोपरला, डेंटिस्टच्या दवाखान्यात व्हायच्या. वेटिंग रूममध्ये ड्रम, काउंटरला टेकून दादा, आणि मी आतल्या त्या मागे झुकणाऱ्या खुर्चीत, कारण दुसरी खुर्चीच नव्हती. बेस वाजवायला माणूस मिळाला नाही. दादा म्हणाला, नको, हॉलवाल्यांच्या स्पीकरमधून तसाही सगळा बेसच येतो. पहिल्या रविवारी नऊ गाणी झाली. झकास झाली. डेंटिस्ट खूश, दादा खूश. मग उंच सुरू केलं. तिसऱ्या कडव्यालाच मला कळलं की काहीतरी गडबड आहे. शेवटी वाद्यं थांबली, मी सूर घेतला आणि आवाज फाटला. जुनी चादर फाटते तसा, आडवा. डेंटिस्टने सभ्यपणे खिडकीबाहेर बघितलं.

दादा म्हणाला, रियाज कमी पडतोय. मी रियाज केला. दुपारी घर रिकामं असताना फोनवर तानपुरा लावून केला. पुढच्या रविवारी फाटला. त्याच्या पुढच्या रविवारी फाटला. मी डॉक्टरकडे गेले. बाई चांगल्या आहेत, घसा बघितला, म्हणाल्या, काही झालेलं नाही, पन्नाशीनंतर आपला आवाज थोडा खाली बसतो, नॉर्मल आहे. मला इतका राग आला त्या नॉर्मलचा. गुडघा गेला, ठीक. चष्म्याचा नंबर वाढला, ठीक. केस पिकले, रंगवले. हे का म्हणून माझ्याकडून घ्यायचं?

चौथ्या तालमीनंतर मी दादाला विचारलं, अर्धा स्वर खाली घेऊया का. आमच्या घरात गिटारच्या सुरांनाही पेटीचीच नावं आहेत, बाबांमुळे. दादा तारा पुसत होता. मान वर न करता म्हणाला, "गाणं पांढरी तीनचं आहे. त्या माणसाने पांढरी तीनमध्ये गायलंय. पट्टी उतरवायची असेल तर दुसरं काहीतरी गा."

दादा वाईट नाही. त्याला पट्टी उतरवणं म्हणजे नैवेद्याच्या पानातलं एक वाढप गुपचूप कमी करण्यासारखं वाटतं. पण मला लागलं. घाटकोपर ते कांदिवली रिक्षात मी रडत आले आणि रिक्षावाल्याने आरशातून दोनदा बघितलं. त्या रात्री ठरवून टाकलं की सांगायचं, मी गात नाही. हे एकच नाही, दहाही नाही. लोकांसमोर तो सूर फाटला तर तो माझ्याकडे कधी होता हेसुद्धा मला खरं वाटलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. सकाळी स्वयंपाकघरात फोनवर तानपुरा सुरू केला, सवयीने, पांढरी तीन. कुकर लावायचा होता. नवऱ्याला माझा चेहरा बघून दया आली असावी. त्याला संगीतातलं काही कळत नाही, पण माणूस चांगला. त्याने मला बरं वाटावं म्हणून हॉलमधल्या स्पीकरवर इंटरनेटवरून ते गाणं लावलं. मी आतून ओरडले, बंद कर, बेसूर वाजतंय.

तो म्हणाला, अगं ओरिजिनल आहे.

मला दादाचं म्हणणं आठवलं. आम्ही घरी जे ऐकायचो ते दादाने बाबांच्या टेपवरून कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेतलं होतं आणि मलाही फोनवर दिलं होतं. तेच आम्हाला खरं वाटायचं. बाहेर कुठे ही गाणी ऐकू आली की दोघांनाही ती ढिली वाटायची. दादाचं त्यावर ठाम मत होतं. कंपन्यांनी नव्याने काढताना गाण्यांची वाट लावली. यावरून त्याने इंटरनेटवर अनोळखी लोकांशी वर्षानुवर्षं वाद घातले होते. मी कुकर ठेवला, तानपुरा घेऊन हॉलमध्ये गेले आणि सूर जुळवत बसले. काळी दोनवर आणला आणि तानपुरा गाण्यात मिसळून गेला. अर्धा स्वर खाली. मग त्यांचा तेव्हाचा स्टेजवरचा जुना व्हिडिओ लावला, केस, काजळ, सगळं. काळी दोन. दुसरा व्हिडिओ, काळी दोन. भांडणाचं, रडकं, जिन्यातलं, सगळी अर्धा स्वर खाली. कुकरच्या सहा शिट्ट्या झाल्या तरी मी उठले नाही. डाळीचा लगदा झाला.

दादाला फोन केला. तो आधी चिडला, मग कंपन्यांनी केलेल्या रीमास्टरचं सुरू केलं. मी म्हटलं, मग जुन्या व्हिडिओत पण तेच का? त्याने फोन ठेवला. दुपारी त्याचा फोन आला की ये.

मुलुंडला दादाच्या घरी गेले तर त्याने माळ्यावरून बाबांचा टेपरेकॉर्डर काढून मागचं झाकण उघडून ठेवलेलं. आई आत झोपली होती. दादाने टॉर्च धरला. मोटरला वेग कमीजास्त करायचा बारीक स्क्रू असतो. तो पुरता एका बाजूला फिरवलेला होता आणि परत फिरू नये म्हणून त्याच्यावर नेलपॉलिशचा लाल थेंब दिलेला. बाबांचं काम. घरातल्या प्रत्येक दुरुस्तीवर ते असा थेंब द्यायचे, आईची एक बाटली त्यातच संपली. मग दादालाच आठवलं. बाबांची पेटी जुनी, अर्धा स्वर चढी. कॅसेट तिला जुळत नसणार आणि बाबांची बोटं दुसऱ्या पट्टीत चालत नसत. म्हणून त्यांनी टेपच पेटीला जुळवला. गाणारे जरा वर गायले तर यांना काय. आणि त्यावर आम्ही आमची कॅसेट ऐकली. दादाची गिटार साध्या ट्यूनिंगमध्ये त्या टेपला बरोब्बर जुळायची, त्यामुळे आम्हाला शंका कुठून येणार? तिकडे ते चौघे आपल्या गिटारी अर्धा स्वर उतरवून वाजवत होते.

दादा जमिनीवर बसला. म्हणाला, किती लोकांना शिव्या घातल्या गं मी. मला हसू आवरेना. खरं सांगायचं तर त्या क्षणी माझ्या मनात एकच होतं, सुटले. पट्टी उतरवायची नाही, बरोबर करायची. दादाला तोंडाने माफी मागता येत नाही. त्याने गिटार घेतली, सहाही तारा अर्धा स्वर सैल केल्या आणि म्हणाला, घे. मी बसल्याबसल्या घेतला. लागला. चारही ठोके, स्वच्छ.

साठीशांतीचा दिवस चांगला गेला. होमाचा धूर हॉलभर झाला, दादाच्या डोळ्यांतून पाणी, वहिनी शालूत घामाघूम. जेवणात शेवटी मसालेभातच होता, जिलबी, मठ्ठा. अडीच वाजता, लोक खुर्च्यांवर पेंगायला लागले तेव्हा डेंटिस्टने ड्रम लावला. दादा सोवळं सोडून काळ्या टी-शर्टात आला. कपाळावर कुंकू तसंच. मी जरीच्या साडीत. गुरुजी चहासाठी थांबले होते, ते पहिल्या रांगेत आईशेजारी बसले.

भांडणाचं सुरू झालं आणि पहिल्या ड्रमला एका आत्याच्या हातातला चहा सांडला. पण खोटं कशाला सांगू, तिसऱ्या गाण्यापासून लोक आमचे झाले. त्या चौघांनी गाणी बांधलीच तशी होती. कितीही अनोळखी माणूस असो, ध्रुवपद दुसऱ्यांदा आलं की त्याला ते म्हणता आलं पाहिजे. आमच्या सावंतवाडीच्या काकांना इंग्रजी येत नाही, ते रविवारच्या गाण्याला हात वर करून ओरडत होते. गुरुजींचा पाय हलत होता, मी बघितला. रडक्याला पुढच्या दोन रांगांतल्या बायका शांत झाल्या. एकीने पदर डोळ्यांना लावला. ही कमाल त्या लिपस्टिकवाल्यांची, आमची नव्हे. आम्ही नुसते त्यांचे हमाल.

मग उंच. खालून सुरू केलं. वर गेले, वर गेले. वाद्यं थांबली. हॉलमध्ये पंख्याचा आवाज येत होता. मी सूर घेतला आणि तो तिथे होता, चारही ठोके होता, आणि दादाने आणि डेंटिस्टने एकदम घाव घातला. लोक उभे राहिले. दादा रडत होता, उघड. मीही रडले. मला वाटलं, झालं. वाचले.

टाळ्या चालू असताना मी खाली उतरून आईच्या पाया पडले. आई त्र्याऐंशीची. गुडघे गेलेत, कान शाबूत. माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, छान झालं हो. मग म्हणाली, "पण सगळंच खाली गायलीस आज."

मी म्हटलं, आई, ते मुळात तिथेच आहे. आपला टेप चढा होता. बाबांनी स्क्रू फिरवला होता पेटीसाठी.

आई म्हणाली, माहीत आहे मला. यांनाही माहीत होतं. मी म्हटलं, मग सांगितलं का नाही कधी? तर म्हणाली, मला कोणी विचारलं? आणि मग तिथेच, टाळ्यांच्या आवाजात, माझा कान स्वतःजवळ ओढून तिने सांगितलं. ती जुनी पेटी पुढे खराब झाली आणि बाबांनी नवी घेतली. नवी सरळ सुराची. तिला आता टेप जुळेना. एका संध्याकाळी ते टेपचं झाकण उघडून, स्क्रू परत फिरवायला बसले. मी गॅलरीत गात होते, तेच गाणं. ते ऐकत बसले. गाणं संपल्यावर त्यांनी झाकण परत लावून टाकलं. आईने विचारलं, आता तुम्ही पेटी कशी वाजवणार कॅसेटबरोबर?

"ते म्हणाले, राहू दे. तो गोरा खाली गातो, ही त्याच्या वर जातेय. तिला सांगू नकोस. कळलं तर खाली येईल."

त्यानंतर बाबांनी कॅसेटबरोबर पेटी कधीच वाजवली नाही. एकटेच वाजवायचे, आम्ही झोपायच्या आधी, थोडा वेळ. आम्हा दोघांना वाटायचं, आमच्या गोंगाटाला कंटाळून त्यांनी सोडलं. जाईपर्यंत त्यांनी मला एका शब्दाने काही सांगितलं नाही.

मला काय झालं ते नीट सांगता येणार नाही. मला तो माणूस हवा होता समोर. त्यांना विचारायचं होतं, किती वर जात होते मी बाबा. आई रुमाल शोधत होती.

तेवढ्यात काका लोकांनी वन्स मोअर सुरू केलं. दादा स्टेजवरून खाली वाकून विचारत होता, कुठलं घ्यायचं. मी वर गेले. म्हटलं, उंच. तारा चढव.

दादा म्हणाला, "वेडी आहेस का? फाटेल."

"फाटू दे. पांढरी तीन."

त्याने माझ्याकडे बघितलं आणि वाद घातला नाही. तारा चढवायला दोन मिनिटं गेली, तेवढ्या वेळात डेंटिस्टने घाम पुसला आणि लोक परत बसले. आम्ही सुरू केलं. दुसऱ्या कडव्याला घसा आवळला, तिसऱ्याला दुखायला लागला. वाद्यं थांबली. मी तोंड उघडलं आणि सूर लागला. एक ठोका. दोन. तीन. चौथ्याला आवाज फाटला, तसाच, आडवा, सगळ्या नातेवाइकांसमोर, आणि दादाने घाव घातला.

तीन ठोके मी तिथे होते.